काजळ लावलेली पुंगळी

"मग चेंबर खरवडून द्या, एवढंच म्हणते मी. यात एवढा विचार करण्यासारखं काय आहे?"

टेबलावर आडव्या ठेवलेल्या रायफलीवर उस्तादांचा हात होता. ताप भरलेल्या लेकराच्या कपाळावर ठेवावा, तसा.

"उस्ताद, ऐकताय ना?"

"ऐकतोय की. डोळे गेलेत. कान हाईत अजून."

केतकी इंगवले गप्प बसली. गप्प बसणं तिच्या स्वभावात नव्हतं, पण या पत्र्याच्या खोलीत ती बसे.

खोली होती खडकेवाडीच्या माळावर, नेमबाजांच्या क्लबाला लागून. पलीकडे टेकडीच्या पोटाशी मातीचा उंच बांध, त्याच्यासमोर निशाणाच्या चौकटी. अलीकडे हे दस्तगीर उस्ताद. फौजेत तीस वर्षं त्यांनी बंदुका दुरुस्त केल्या, निवृत्त झाल्यावर इथं येऊन लोकांच्या दुरुस्त केल्या. शिकायला खूप जण आले. टिकली एकटी केतकी.

टिकली म्हणजे कशी टिकली! उस्ताद चहा बशीत ओतून पीत, तर हीही बशीत ओतू लागली. फौजेत ट्रक उलटला तेव्हा उस्तादांचा उजवा खांदा मोडला होता. हाड वाकडं जुळलं, खांदा पडका राहिला, म्हणून ते रायफलीचा खांद्याला टेकायचा दस्ता दोन बोटं खाली घेत. केतकीचं हाड धड होतं. तरी तीही खांदा पाडून दस्ता दोन बोटं खालीच घेई. क्लबातले लोक म्हणत, "लांबून बघा, उस्तादच आडवा पडलाय जणू." हे ऐकलं की बाईंची मान ताठ. चाळिसाव्या गोळीनंतर खांद्यातून कळ निघायची, तिलाही ती कौतुकानं 'उस्तादांची कळ' म्हणायची.

एरवी बाई कुणाचं ऐकणारी नव्हे. यंत्रांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात इंजिनिअर. मिलिमीटरचे शंभर तुकडे करून त्यातला एक कमी पडला तर माल परत धाडणारी. विकतची काडतुसं तिला पसंत नव्हती. रीतसर परवाना काढून ती स्वतःची काडतुसं स्वतः भरी. झाडलेल्या काडतुसाची पितळी पुंगळी फेकायची नाही. झाडताना ती फुगते, म्हणून पोलादी साच्यात घालून दाबून घ्यायची, मग बुडाशी ठिणगी पाडणारी नवी टोपी, मोजून दारू, वर नवी गोळी. कंपनीलासुद्धा जमणार नाही इतकं एकसारखं काडतूस भरते मी, असं ती म्हणे. आणि ते खरंही होतं.

गेल्या रविवारपर्यंत.

गेल्या रविवारी सरावाच्या सामन्यात पहिली पाच जडच गेली, सहाव्या काडतुसाला नळीचं बूड बंद करणारा बोल्ट मिटेना. जोर लावून केला. गोळी सुटली, तर आता उघडेना. तळहातानं ठोकून कसाबसा उघडला. सातवं काडतूस चेंबरमध्ये, म्हणजे नळीच्या बुडाशी काडतूस बसतं त्या पोकळीत, अर्धं गेलं आणि तिथंच रुतलं. ना आत, ना बाहेर. रेंज ऑफिसर धावत आला, सगळ्यांचा नेम थांबवला. भरलेलं काडतूस अडकलंय, खेळ नव्हे. नऊ मिनिटं अख्खी रांग उन्हात ताटकळली. आणि मागून कुणीतरी म्हणालंच, "इंगवलेबाईंना विकतची काडतुसं चालत नाहीत ना!"

आज गुरुवार. येत्या रविवारी राज्याच्या संघाची निवड. केतकीला चव्वेचाळिसावं लागलेलं. मागच्या दोन वर्षी ती एका जागेनं हुकली होती. पुढच्या वर्षी आपल्याला कुणी बोलावणार नाही, हे तिला कुणी सांगायची गरज नव्हती.

"आत जाताना अडतं, का बाहेर येताना?" उस्तादांनी विचारलं.

"दोन्हीकडे."

"आधी कुठं?"

"...आधी आत जाताना."

"मग बाहेरचं ऱ्हाऊ दे. अंग चोरून आत शिरलेला बाहेर निघताना तरी मोकळा कसा निघंल? लांबी?"

"एकेक पुंगळी मोजली. वाढलेली कापून सारखी केली."

"गोळी वर ऱ्हायली असंल."

"गोळी न बसवता नुसती रिकामी पुंगळी घालून बघितली. तीही अडते."

"टोपी?"

"बोट फिरवून बघितलं. वर आलेली नाही."

"दारू?"

"पुस्तकातल्या आकड्याच्या खाली. झाडलेल्या टोप्याही तपासल्या, एकही जास्त दाबानं चपटी झालेली नाही."

"चेंबर पुसलंस?"

"तीनदा. तोंड दिसेल त्यात."

"पुंगळ्या दाबल्यास?"

"...दाबल्या."

मध्ये अर्धा श्वास गेला. उस्तादांनी तो ऐकला नाही. किंवा ऐकला, आणि पोटात ठेवला.

"मग दोष कुणाचा?"

"चेंबरचा. दुसरं उरलंय काय? मापात कमी आहे ते. जिथं पुंगळी बसते तिथं थोडं खरवडा, की सुटलं."

"सुटलं," उस्ताद म्हणाले. "खालच्या खणात हत्यार हाय. काढ."

केतकीनं खण ओढला. तेलकट फडक्यात गुंडाळलेलं, धारेची पाती असलेलं हत्यार तिनं उस्तादांच्या हातात दिलं. त्यांनी फडकं सोडलं, अंगठा पात्यावरून हळूच फिरवला.

"एक सांगतो. पितळ चुकलं तर दुसरं पितळ मिळतं. चेंबरमधलं लोखंड एकदा निघालं की परत बसवता येत न्हाई. कबूल?"

"कबूल."

"बघ हां."

"कबूल म्हटलं ना उस्ताद."

"बरं. मग आधी चिमणी लाव."

केतकीनं खिडकीबाहेर बघितलं. दुपारचं ऊन रणरणत होतं. "चिमणी? आत्ता?"

"काजळ धरायचंय."

ओसरीत धान्य पाखडणाऱ्या हलीमाचाचीचं सूप थांबलं. "या वयात काजळ? कुणाला दाखवायचंय?"

"तुला न्हाई घालत गं!"

"ठाऊक हाय. लग्नात तरी कुठं घातलंत!"

सूप पुन्हा वाजू लागलं.

केतकीनं भरलेल्या काडतुसांची पेटी बाहेर नेऊन कुलपात ठेवली. तो या खोलीचा नियम होता. मग बोल्ट मागं ओढून रायफल रिकामी असल्याचं बघितलं.

"बोट घाल," उस्ताद म्हणाले. "नुसतं बघू नको."

तिनं करंगळी घालून चाचपलं. रिकामी होती.

"आता एक रिकामी पुंगळी घे. टोपी न्हाई, दारू न्हाई, अशी. चिमणीवर धर. तापवायची न्हाई, नुसता धूर द्यायचा. फिरव... फिरव... सगळीकडनं काळी होऊ दे."

केतकीला हसू आलं. तिच्या पिशवीत मिलिमीटरचा हजारावा भाग सांगणारं मोजमापाचं यंत्र होतं, बॅटरीवर चालणारं. आणि इथं ती चिमणीवर पुंगळी धरून बसली होती, बारशाला काजळ पाडावं तशी.

पुंगळी काळी झाली.

"घाल आत. कडेला पुसू देऊ नको."

तिनं ती अलगद चेंबरमध्ये सरकवली. बोल्ट पुढं नेला. शेवटच्या पाव इंचाला तो अडला. जोर लावून मिटवला. मग उघडला, तर हिसका द्यावा लागला.

"हां. बघ आता. कुठं पुसलं?"

"तुम्हीच बघा ना."

"मला पिवळं आणि काळं एवढंच कळतंय. डोळे तुझे घालायचे, म्हणून तर तुला बशिवलंय हितं. सांग."

केतकीनं पुंगळी उजेडाला धरली. मानेवर, जिथं गोळी बसते, काजळ जसंच्या तसं होतं. पण मानेखाली जिथं पुंगळी एकदम रुंद होते, त्या तिच्या खांद्यावर काजळ साफ उडालं होतं. लखलखीत पितळाचं कडं दिसत होतं. अगदी बुडाशी अजून एक, पुसट.

"खांद्याला घासतंय," ती म्हणाली. "जास्त खांद्याला. थोडं बुडाशी."

"हूं."

"म्हणजे चेंबरचा खांदा..."

"थांब की जरा. वरच्या फळीवर बिस्किटाचा डबा हाय. काढ."

डबा गंजलेला होता. आत जुन्या पुंगळ्या. पितळ तपकिरी पडलेलं, प्रत्येकीच्या तोंडाला कागदाचा बोळा.

"ह्या कुणाच्या?"

"चार वर्षांमागं नवी रायफल घेऊन आलीस. पयल्या दिवशी वीस झाडल्यास, एक निशाणाला लागंना. तणतणत गेलीस. पुंगळ्या तिथंच टाकून गेलीस."

"आणि तुम्ही उचलल्या?"

"कुणीतरी उचलायच्याच होत्या."

केतकी डब्यातल्या पुंगळ्या बोटानं चाळत बसली. उस्तादांनी मात्र तिला तशी बसू दिली नाही. "त्यातली एक घे. धूर दे."

तिनं दिला. जुनी पुंगळी काळी करून आत सरकवली. बोल्ट दोन बोटांनी मिटला. दोन बोटांनी उघडला. पुंगळी बाहेर आली ती खांद्यावरच्या काजळासकट.



उस्तादांनी दोन्ही पुंगळ्या हातात घेतल्या. एक पुढं केली.

"ही कुणाची?"

"माझी. म्हणजे माझ्या रायफलीतली."

"आणि ही?"

केतकीनं डब्याचं झाकण लावायला घेतलं.

उस्तादांनी दुसरीच्या बुडाच्या कडेवरून अंगठ्याचं नख फिरवलं. हळू, अर्धा वेढा. एका जागी नख अडलं. तिथं बारीकसा चरा होता.

झाडलेली पुंगळी चेंबरमधून ओढून काढायला बोल्टला एक आकडा असतो. उस्तादांच्या रायफलीचा आकडा टोकाला तुटका होता. बाकी सगळ्या जगाच्या बंदुका दुरुस्त केल्या त्यांनी, आपली तेवढी राहिली. तिच्यातून निघालेल्या प्रत्येक पुंगळीच्या कडेला तो तुटका दात लागायचा.

"ही कुणाची, पोरी?"

"तुमची," केतकी म्हणाली.

सहा महिन्यांपूर्वी मोतीबिंदू पिकला आणि उस्तादांनी आपली रायफल पोलीस ठाण्यात जमा केली. त्या दिवशी कागदपत्रं करून आपल्या बेचाळीस पुंगळ्या त्यांनी केतकीला दिल्या होत्या. "चांगलं पितळ हाय, वापर," एवढंच म्हणाले होते. रायफल दोघांची एकाच मापाची. तिनं त्या रेशमी खणाच्या पिशवीत घालून नेल्या होत्या, आणि गेल्या रविवारी पहिल्यांदाच भरून वापरल्या होत्या.

"दाबल्या म्हणालीस."

"मान दाबली. गोळी घट्ट धरण्यापुरती. फक्त मान."

"आणि खालचं अंग?"

"नाही."

"विसरलीस?"

"मी विसरेन?" केतकी फणकारली. मग तिचा आवाज खाली आला. "एक घातली होती साच्यात. दांड्यावर हात ठेवला. पण नाही दाबवलं, उस्ताद. झाडली की पुंगळी फुगून चेंबरच्या भिंतींना भिडते, त्याच चेंबरचा आकार घेऊन बाहेर येते. तुमची रायफल तर गेली. तिचा आकार तेवढा माझ्याकडे उरला होता... बेचाळीस जागी. तो माझ्या हातानं मोडू?"



उस्तादांनी ते खरवडायचं हत्यार फडक्यात गुंडाळलं. गाठ मारली. एक मारली, वर दुसरी मारली.

"येडी," ते म्हणाले. "आणि माझ्यापायी त्या गरिबाचं पोट फाडायला निघाली हुतीस व्हय गं?"

रायफलीवर त्यांनी पुन्हा हात ठेवला. केतकीनं काळ्या बोटांनी ओढणी धरून नाक पुसलं आणि काजळाचा फराटा गालभर ओढून घेतला. दारात येऊन उभी राहिलेली हलीमाचाची म्हणाली, "घ्या. शेवटी हिलाच लावलंत."

साचा टेबलाच्या कडेला स्क्रूनं पक्का केलेला होता. उस्तादांनी हातानंच खूण केली. केतकीनं पुंगळीला तेलाचं बोट लावलं, साच्याखाली उभी केली, दांडा धरला.

"पूर्ण?" तिनं विचारलं.

"पूर्ण."

"थोडी ठेवून..."

"अर्धवट दाबलेली ना माझ्या कामाची, ना तुझ्या."

तिनं दांडा खाली ओढला. पितळ कुरकुरलं. तिनं डोळे मिटून घेतले होते. दांडा तळाला टेकल्याचं हाताला कळलं, तेव्हा उघडले.

पुंगळी पुसली. चिमणीवर धरली. चेंबरमध्ये घातली.

दोन बोटांनी मिटला. दोन बोटांनी उघडला. काजळ जिथल्या तिथं.

"आता ही कुणाची?"

केतकीनं ती तळहातावर घेतली. बुडाच्या कडेला तो चरा अजून होताच. साच्यानं तो मोडला नव्हता.

"...माझी," ती म्हणाली. दुसऱ्याच्या ताटातला घास उचलल्यासारखं तिला वाटत होतं.

त्या दुपारी तिनं एकामागून एक पुंगळ्या दाबल्या. हिशेबाला पक्की बाई, पण कितव्या पुंगळीला तिचं रडू थांबलं ते तिला आठवत नव्हतं. भरलेली जी काडतुसं उरली होती, तीही उस्तादांनी तिला तशी झाडू दिली नाहीत. गोळ्या उपसायला लावल्या, दारू वेगळी काढायला लावली. पहिल्यापासून सगळं करायला लावलं.

एकच राहिली. ती तिनं मुठीत धरली होती.

"उस्ताद, ही एक अशीच ठेवू?"

"ठेव की. देव्हाऱ्यात ठेव, हळदकुंकू वाहा. रायफलीत तेवढी घालू नको."

शनिवारी सकाळी केतकी रेंजवर आली, तेव्हा दवानं गवत ओलं होतं. उस्ताद आधीच येऊन खुर्ची टाकून बसले होते. निशाण त्यांना दिसत नव्हतं. ते ऐकायला आले होते.

ती चटईवर पालथी झाली. पहिलं काडतूस घातलं.

बोल्ट मिटला. गोळी सुटली. बोल्ट उघडला. पुंगळी टुणकन उडून गवतात पडली.

दुसरं. तिसरं. सहावं. सातव्याला तिचा हात क्षणभर थांबला. सातवंही गेलं. आलं.

पलीकडच्या चटईवरचे एक गृहस्थ, गेल्या रविवारी उन्हात ताटकळलेल्यांपैकी, मान उचलून म्हणाले, "काय बाई, रायफल बदलली वाटतं?"

"नाही," केतकी म्हणाली. "पुंगळ्या माझ्या झाल्या."

त्यांना काही कळलं नाही. ते आपल्या नेमाला लागले.

दहा झाली. वीस. तीस. एकही अडलं नाही. निशाणाचा कागदही वाईट नव्हता, फक्त तिसानंतरच्या गोळ्या हळूहळू एका अंगाला सरकत गेल्या होत्या. तशा त्या चार वर्षं सरकत. दर वेळी ती नेम सरळ करायला साइटची फिरकी दोन खटके फिरवी आणि पुढं जाई. आजही तिनं फिरवली.

चाळिसावी गोळी सुटली. खांद्यातून कळ आली. केतकीनं डाव्या हातानं खांदा चोळला, दस्ता पुन्हा दोन बोटं खाली घेतला आणि एकेचाळिसावं काडतूस उचललं.

मागं खुर्ची करकरली.

"थांब," उस्ताद म्हणाले.

तिनं काडतूस पेटीत ठेवलं, बोल्ट उघडा टाकला, रायफल चटईवर आडवी केली. तिचा चेहरा फुलला होता. "एकही अडलं नाही, उस्ताद! चाळीस झाली! ऐकलंत ना?"

"ऐकलं."

काठी टेकत ते आले. गुडघ्यांवर हात देऊन, कण्हत, तिच्या शेजारी ओल्या गवतात उकिडवे बसले. चाचपडत त्यांचा हात तिच्या पाठीवर आला. तिथून उजव्या खांद्यावर. पडक्या, खाली घेतलेल्या, धड हाडाच्या खांद्यावर.

ती शाबासकीची वाट बघत राहिली.

उस्तादांच्या अंगठ्याचं नख खांद्याच्या कडेवरून हळू फिरलं. अर्धा वेढा. एका जागी थांबलं.

"...आणि हा कुणाचा?"